भिजणं इथं वेगळं असतं : बदलत्या हवेसाठी जॅकेट निवडताना



सप्टेंबर सरत आला की आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर दोन विषय एकदमच सुरू होतात. भोंडल्याला खिरापत कोण आणणार, आणि कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला पानांचे रंग बघायला कुठे जायचं. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सोमवारची सुट्टी असते, आणि बॉस्टनकडच्या आपल्या बऱ्याच गाड्या न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सकडे निघतात. डिकीत थेपले, चिवडा, चहाचा थर्मास सगळं असतं. आज बोलायचंय ते त्याच डिकीत ठेवायच्या एका गोष्टीबद्दल, ती म्हणजे जॅकेट.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? थंडी वाजली की घालायचं! पण ऑक्टोबरमधली इथली हवा सकाळी एक, दुपारी दुसरी आणि डोंगरावर तिसरीच असते. अशा हवेत जाड कोट आणि योग्य जॅकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण म्हणून माउंट वॉशिंग्टनच घ्या. उंची ६,२८८ फूट, म्हणजे १,९१७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे हा डोंगर कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर उंच. आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण याच माथ्यावरच्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी वाऱ्याचा झोत ताशी २३१ मैल मोजला गेला. तो जगातला विक्रम होता, आणि १९९६ साली ऑस्ट्रेलियात एका चक्रीवादळात मोडेपर्यंत तो टिकला. या माथ्यावर आजवर नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान फक्त ७२ डिग्री फॅरनहाइट आहे. वर्षातला एकही महिना असा नाही, की ज्यात तिथं कधी बर्फ पडलेलं नाही.

आणि तिथं पोचणं मात्र फार सोपं आहे. १८६१ पासून वरपर्यंत गाडीरस्ता आहे, १८६९ पासून दातेरी रुळांवरची रेल्वे आहे. खाली ऊन असतं, टी-शर्टवर माणूस गाडीत बसतो, आणि अर्ध्या तासात अशा हवेत उतरतो की दार उघडताना हातातून सुटतं. साधा हिशोब लक्षात ठेवा : दर हजार फुटांना साधारण साडेतीन डिग्री फॅरनहाइट तापमान उतरतं. वर वारा वेगळा. हवा ४० डिग्री असेल आणि वारा ताशी २० मैल असेल, तर उघड्या कातडीला ती ३० डिग्रीसारखी लागते. अमेरिकन हवामान खात्याच्या विंड चिलच्या तक्त्यात हाच आकडा आहे.

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी पुष्कळ जण सह्याद्रीत फिरून आलेले. जुलैत राजमाचीला जायचं, चिंब भिजायचं, खाली येऊन कांदाभजी आणि चहा. भिजणं हीच तर मजा! तिथं ते चालतं, कारण पावसाळ्यातही तिथली हवा वीस-बावीस डिग्री सेल्सियसच्या आसपास असते. ओले कपडे अंगावरच वाळतात. फार तर सर्दी होते. इथल्या ऑक्टोबरच्या पावसात हवा ४५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे सात डिग्री सेल्सियस असू शकते. पाणी अंगातली उष्णता कोरड्या हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. त्यामुळे तिकडची भिजण्याची सवय इकडे आणली, तर ती जिवावर बेतू शकते.

शरीराचं आतलं तापमान ३५ डिग्री सेल्सियसच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तो बर्फातच होतो असं आपल्याला वाटतं. खरं तर चाळीस-पन्नास डिग्री, रिमझिम पाऊस आणि वारा, हा दिवस फसवा. त्या दिवशी कुणी थंडीची तयारी करून निघत नाही. खुणा सोप्या आहेत. आधी हुडहुडी भरते. मग जीभ जड होते, बोटांनी झिप लागत नाही, पाय अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प होतो. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. तो जास्त धोका आहे. ९११ ला फोन करा, ओले कपडे काढा, कोरडं काहीतरी गुंडाळा, वाऱ्यापासून आडोसा द्या. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम, गोड काहीतरी प्यायला द्या. वयस्कर माणसांना थंडी उशिरा जाणवते आणि लहान मुलं लवकर गारठतात. म्हणून आजी-आजोबा आणि नातवंडं, दोघांवर लक्ष हवं.

मग घालायचं काय? आपल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न त्यांच्या परीनं सोडवला होता. धनगराच्या खांद्यावर घोंगडी असायची. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. कोकणात भातलावणीला बायका डोक्या-पाठीवर इरलं घ्यायच्या. त्याचं काम उबेचं नव्हतं, फक्त पाऊस अडवायचं होतं. ऊब एकाकडे, पाऊस दुसऱ्याकडे. बदलत्या हवेचं जॅकेट याच तत्त्वावर निवडायचं. सगळं एकाच कोटाकडून करून घ्यायला जाऊ नका. तीन पातळ थर ठेवा, आणि हवा बदलेल तसे घाला-काढा.

पहिला थर अंगालगतचा. त्याचं काम घाम ओढून घेणं. इथं सुती बनियन, सुती कुर्ता, जीन्स चालत नाही. सुती कापड पाणी पितं, वाळत नाही, आणि गार पट्टीसारखं अंगाला चिकटून बसतं. जिमचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घरात असेलच, तो पुरतो. मेरिनो लोकरीचा मिळाला तर उत्तम, टोचत नाही.

दुसरा थर उबेचा. साधं फ्लीस सगळ्यांत सोयीचं : हलकं, लवकर वाळणारं, धुवायला सोपं. पिसांचं डाऊन जॅकेट वजनाच्या मानानं सर्वांत गरम, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. पावसाची शक्यता असेल तर कृत्रिम भरणाचं पफर बरं.

तिसरा थर म्हणजे आपलं इरलं, ज्याला दुकानात शेल किंवा रेन जॅकेट म्हणतात. पातळ असतं, आत अस्तराची ऊब नसते, आणि त्यामुळेच ते ऑक्टोबरपासून मेपर्यंत वापरता येतं. घेताना लेबल नीट वाचा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे झेलणारं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पावसाचं. आतून बघा, शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का. नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येणारच. लेबलवर १०,००० मिलिमीटर असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. साधारण भटकंतीला एवढं पुरे. दिवसभर मुसळधार पावसात पाठीवर सॅक घेऊन चालायचं असेल तर वीस हजारांचं बघा.

घामाचं काय? १९६९ साली डेलावेअर राज्यात बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची तापवलेली कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही, लांब झाली, आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान, पण वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी. त्यातूनच गोर-टेक्स आलं : बाहेरचा पाऊस आत येत नाही, आतली वाफ बाहेर जाते. आता बऱ्याच कंपन्या अशी कापडं करतात. पण हे काही जादूचं कापड नव्हे. चढावर जोरात चालाल तर वाफ निघण्यापेक्षा घाम जास्त येतो. म्हणून काखेत झिप असलेलं जॅकेट घ्या, आणि चढताना ती उघडी ठेवा. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. घाम येण्याआधी एक थर काढायचा, थांबल्याबरोबर तो पुन्हा चढवायचा. आणि शेल पावसाचा पहिला थेंब पडतानाच घालायचं. ‘बघू, थांबेल’ म्हणत भिजल्यावर घातलं तर ओल आत कोंडते.

दुकानात जाताना फ्लीस अंगात घालून जा, आणि त्यावर शेल घालून बघा. हात वर केले तर कंबर उघडी पडते का? हूड घालून मान वळवली तर डोळ्यावर येतं का? मनगटाची पट्टी घट्ट होते का? खाली वाकून बसा. बायकांनी कुर्त्यावर घालायचं असेल तर कुर्ता घालूनच मापाला जा. एवढ्या परीक्षेत पास झालेलं जॅकेट ब्रँड न बघता घ्यायला हरकत नाही. नवं महाग वाटलं, तर आरईआयसारख्या दुकानांत वापरलेल्या वस्तूंचा विभाग असतो. पॅटागोनियाही आपले जुने कपडे दुरुस्त करून विकते. मुलं दर वर्षी वाढतात, त्यांच्यासाठी तर हाच रस्ता शहाणपणाचा.

आई-बाबांसाठी वेगळी खरेदी करायलाच हवी असं नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला जानेवारीचा जाड पार्का घेऊन दिला की तो बहुतेक खुंटीवरच राहतो, कारण जड होतो. एक फ्लीस, एक हलकं शेल, कानटोपी आणि हातमोजे एवढं असू द्या. बाबांचा मफलर आणि आईचा लोकरी स्वेटर दुसऱ्या थरात छान बसतात. शाल मात्र वाऱ्यात टिकत नाही. ती गाडीत असू द्या.

लहान मुलांबद्दल एक महत्त्वाचं. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नका. अपघातात तो फुगारा दाबला जातो आणि पट्टे सैल पडतात. इथले बालरोगतज्ज्ञ हे वारंवार सांगतात. फ्लीस घालून पट्टे घट्ट बांधा आणि जॅकेट वरून उलटं पांघरा.

जॅकेट घेतल्यावर ते सांभाळायचं कसं? दोन वर्षांनी ‘हे आता गळायला लागलं’ असं वाटतं. बहुतेक वेळा आतला पडदा ठीक असतो, बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप मळलेला असतो. मग कापड ओलंचिंब होतं, वाफ अडकते, आणि आपल्याला घामच पाऊस वाटतो. लेबलवरच्या सूचना पाळून सौम्य साबणानं धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा. उष्णतेनं लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसतील, तर बाजारात फवारा मिळतो.

या लेपांत पूर्वी पीफास जातीची रसायनं सर्रास असत. ती निसर्गात फार काळ नष्ट होत नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क यांनी १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांतल्या या रसायनांवर बंदी आणली. अतिपावसासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे लेबलवर ‘पीफास-फ्री’ दिसलं तर ते चांगलंच, फक्त अशी जॅकेटं जरा जास्त वेळा धुवावी लागतात.

शेवटचं. व्हाइट माउंटन्समध्ये झाडं संपतात तिथं काही वाटांवर वन खात्याची पिवळी पाटी आहे. पुढची हवा अमेरिकेतली सर्वांत वाईट आहे, उन्हाळ्यातही इथं माणसं गारठून दगावली आहेत, हवा बरी नसेल तर आताच मागे फिरा, असं त्यावर बजावलंय. जॅकेट कितीही चांगलं असलं तरी ती पाटी त्यालाही लागू आहे. जॅकेटनं थोडा वेळ मिळतो. तो माथा गाठायला खर्च करायचा की मुलाबाळांना घेऊन खाली उतरायला, हे आपल्यालाच ठरवायचं असतं. डोंगर कुठे जात नाही, आणि पानं पुढच्या वर्षीही रंगणार आहेत.

तेव्हा शुक्रवारी रात्री चिवड्याच्या डब्याशेजारी प्रत्येकाचं फ्लीस, शेल, टोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. माथ्याचा हवेचा अंदाज वेगळा बघा, गावाचा बघून निघू नका. माउंट वॉशिंग्टनची वेधशाळा वरच्या शिखरांचा अंदाज रोज देते.

सहल मजेची होवो. नमस्कार.