तपासणी कोणती आणि कशासाठी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)

 

जैन आचारात प्रतिक्रमणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. रात्रीच्या दोषांसाठी राई, दिवसाच्या दोषांसाठी देवसी, पंधरवड्यासाठी पक्खी, चार महिन्यांसाठी चौमासी आणि वर्षासाठी संवत्सरी. प्रत्येकाचा काळ ठरलेला आणि हेतूही ठरलेला. आत्म्याच्या तपासणीत पूर्वाचार्यांनी जो विवेक शिकविला, तो शरीराच्या तपासणीत मात्र समाजाकडून क्वचितच पाळला जातो. आजच्या विषयाचे मूळ तेथेच आहे.

एका सुखवस्तू कुटुंबाचे उदाहरण पाहावे. घरचे कर्ते श्रावक ५८ वर्षांचे. वाढदिवसानिमित्त मुलांनी त्यांच्यासाठी सत्तरहून अधिक तपासण्यांचे 'पॅकेज' घेतले. अहवालात तीन आकडे ठळक अक्षरांत आले. पुढचे दोन महिने पुनर्तपासण्या, सोनोग्राफी आणि चिंता यांत गेले. अखेरीस काहीच निघाले नाही. त्याच घरातील श्राविका ५४ वर्षांच्या, वर्षीतप पूर्ण केलेल्या. सर्वांना वेळेवर वाढणाऱ्या त्या माउलीचा रक्तदाब मात्र अनेक वर्षांत कोणी मोजला नव्हता. एके सकाळी उपाश्रयाच्या पायऱ्यांवर त्यांना भोवळ आली. रक्तदाब निघाला १९०/११०. मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाल्याचे पुढील तपासणीत दिसले. ज्या घराने सत्तर तपासण्यांचे मोल दिले, त्या घरात दोन मिनिटांची एक तपासणी राहून गेली होती.

असे का घडते, हे समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती बहुधा अशी ठरवितात की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्यात बसावेत. उरलेले पाच निरोगी असूनही मर्यादेबाहेर दिसतात. आता परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर १०० निरोगी माणसांपैकी केवळ ३६ जणांचे सर्व आकडे मर्यादेत येतील. उरलेल्या ६४ जणांच्या वाट्याला विनाकारण एखादा ठळक आकडा येणारच. म्हणून एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढणे हा एकांतवाद होय. वय, कुलवृत्तांत, लक्षणे आणि आहार या सर्व बाजूंनी पाहिले तरच त्या आकड्याचा अर्थ लागतो.

मग तपासणी निवडावी कशी? जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील दहा तत्त्वांचे सार तीन प्रश्नांत सांगता येते. शोधावयाचा रोग महत्त्वाचा आहे काय? लक्षणांपूर्वी तो विश्वासार्हपणे सापडतो काय? आणि सापडल्यास उपयुक्त उपचार आहे काय? तिन्ही उत्तरे 'होय' असतील तरच तपासणी मागावी.

या कसोटीवर काय टिकते? प्रथम रक्तदाब. तिशीनंतर तो दरवर्षी मोजावा. वारंवार १४०/९० वा अधिक आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. नंतर रक्तशर्करा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. उपाशीपोटी साखर १२६ वा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक, ही मधुमेहाची सीमा. त्याबरोबर कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर पाहावा. घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. मधुमेह वा रक्तदाब असल्यास क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन आणि मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नये.

शाकाहारी समाजासाठी हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. बी-१२ वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारात दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार. ज्यांचे दूध कमी आहे, हातापायांना मुंग्या येतात, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू आहे, त्यांनी ही तपासणी आवर्जून मागावी.

भगिनींनी संकोच दूर ठेवावा. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लक्ष स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाने केलेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना तंबाखू-सुपारीची सवय आहे, त्यांनी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

काय मागू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत त्या कर्करोगाची नोंद १९९३ च्या तुलनेत १५ पट झाली, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. सहस्रावधी लोकांनी ग्रंथी गमावली आणि औषध जन्मभराचे लागले. ब्रिटनमध्ये दोन लक्षांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, सीए-१२५ या रक्ततपासणीवर आधारलेल्या शोधमोहिमेने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ साली स्पष्ट झाले. लक्षण नसताना, कुलवृत्तांत नसताना 'कर्करोगाची रक्ततपासणी' वा संपूर्ण शरीराचा स्कॅन मागणे हे सावधपण नव्हे. वयस्क पुरुषांनी पीएसए तपासणीचे लाभ-हानी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

तपस्वी बांधवांसाठी एक सूचना. चौविहार करणाऱ्यास उपाशीपोटी रक्त देणे सहज साधते, नवकारशीपूर्वी रक्त द्यावे. परंतु अट्ठाईसारख्या तपात वा पारण्यानंतर लगेच तपासणी करू नये, कारण दीर्घ उपवासात यूरिक ॲसिड वाढते, काहींचे बिलिरुबिनही वाढते. शर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आणि शेवटी एक कटू सत्य. अनेक देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. केवळ सर्वसाधारण तपासण्यांमुळे मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. मग तपासणी व्यर्थ काय? नाही. सहा आवश्यकांत प्रतिक्रमण चौथे आहे, शेवटचे आवश्यक प्रत्याख्यान आहे. दोष पाहिला आणि नियम घेतला नाही, तर पाहणे अपुरे राहते. अहवाल कपाटात ठेवून पापड-लोणची तीच, फरसाण तेच आणि औषध आठवले तर घ्यावयाचे, असे असेल तर आकडे काय करतील?

त्या श्राविकेने नियम घेतला. मीठ कमी केले, रोज चालणे ठेवले, गोळी नवकार मंत्राइतकी नित्याची केली. वर्षानंतर रक्तदाब मर्यादेत आला, मूत्रपिंडाची हानी तेथेच थांबली. मूत्रपिंडाची गेलेली शक्ती मात्र परत आली नाही. दोन वर्षे आधी कोणी विचारले असते तर!

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढेच करावे. तपासणीची यादी करताना पहिले नाव घरातील आईचे लिहावे. न्यासाच्या शिबिरांनीही तपासण्यांची संख्या न मोजता, ज्यांचा रक्तदाब वा साखर वाढलेली आढळली त्यांच्यापैकी किती जण तीन महिन्यांनी पुन्हा आले, हे मोजावे. तोच शिबिराचा खरा हिशेब ठरेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!