इंजिन म्हातारं झालंय की घसा चोंदलाय? बोटीच्या एक्झॉस्ट एल्बोची गोष्ट

आज कोड नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत, एआय तर अजिबात नाही. आज बोलायचंय एका वाकड्या लोखंडी तुकड्याबद्दल. मुठीपेक्षा थोडा मोठा, बोटीच्या डिझेल इंजिनच्या मागच्या बाजूला बसलेला. त्याचं नाव एक्झॉस्ट एल्बो. काही जण मिक्सिंग एल्बो म्हणतात. हा चोंदला की धडधाकट इंजिन म्हातारं वाटायला लागतं आणि लोक ते भंगारात काढायच्या गोष्टी करतात. आमच्याकडे तसं होता होता राहिलं.

थोडी पार्श्वभूमी. मी नोकरीसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. तिथे आम्ही तिघांनी मिळून एक जुनी २८ फुटी शिडाची बोट घेतलीय. एक मी, एक माझी ऑफिसातली मैत्रीण, आणि तिसरे आमचे काका. सख्खे नाहीत, पण इथल्या मराठी मंडळींचे काकाच. आयुष्यभर मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काम केलेला माणूस. बोटीवर यानमारचं २जीएम२० इंजिन आहे. दोन सिलिंडर, साधारण १८ हॉर्सपॉवर.

तुम्ही म्हणाल, शिडाची बोट आहे तर इंजिन कशाला? तर पोर्ट्समथ बंदराचं तोंड अरुंद आहे. तिथून मोठ्या फेऱ्या, नौदलाची जहाजं ये-जा करतात. इंजिन असलेल्या छोट्या बोटींनी तिथून जाताना इंजिन चालू ठेवूनच जायचं, असा बंदराचा नियम आहे. आणि ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असेल तर इंजिनमध्ये दम नसताना बोट जागच्या जागी उभी राहते. मागून फेरी येतेय आणि आपण पुढे सरकत नाहीये, हे एकदा अनुभवलं की इंजिन हा विषय हौसेचा राहत नाही.

आता हा एल्बो करतो काय? गाडीचा धूर सायलेन्सरमधून सरळ बाहेर जातो. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलरवर पण धुराचा पाइप केबिनवरून सरळ वर गेलेला दिसतो. छोट्या शिडाच्या बोटीत मात्र इंजिन केबिनच्या खाली, आपल्या झोपायच्या जागेशेजारी असतं. काहीशे अंश तापलेला धूर तिथून न्यायचा कसा? तर इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी या एल्बोमध्ये धुरात सोडतात. धूर गार होतो आणि पुढे साध्या रबरी होजमधून पाण्याबरोबर बाहेर पडतो. मागे जे ‘फुर्र फुर्र’ पाणी थुंकलं जातं ना, ते हेच.

म्हणजे एकाच जागी तीन गोष्टी भेटतात: काजळी, खारं पाणी आणि उष्णता. काजळी आणि मीठ मिळून कोळशासारखा कडक थर बसतो. त्यात शिडाच्या बोटी इंजिनला फार हलकं वापरतात. बंदरातून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं, किंवा नांगर टाकून बॅटरी चार्ज करायला तासभर आयडलवर. डिझेलला असं लाडात चालवणं मानवत नाही. ते नीट तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, काजळी वाढते. भोक लहान झालं की धूर बाहेर पडायला अडतो. जुना धूर आत राहिला की ताजी हवा कमी येते. हवा कमी म्हणजे आणखी काजळी, आणि काजळी वाढली की भोक आणखी लहान. आमच्या क्षेत्रातले ऐकणारे ओळखतील: हे शुद्ध बॅकप्रेशर आहे. पुढची सर्व्हिस अडली की मागची सगळी रांग तुंबते, आणि अलार्म मात्र भलत्याच ठिकाणी वाजतो.

आमच्या बोटीची लक्षणं अशी होती. या इंजिनने सलग चालताना ३४०० आरपीएमपर्यंत जायला हवं. आमचं गिअरमध्ये २५०० ला अडकायचं. मागून काळा धूर. तापमान हळूहळू वर. एका मेकॅनिकने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, इंजिन थकलंय, नवीन टाका. नवीन इंजिन म्हणजे आमच्या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च. मैत्रीण म्हणाली, विकून टाकू. मीही मनातून तयार झाले होते.

काका एवढंच म्हणाले, “अगं, थांब. आधी त्याला श्वास घेता येतोय का बघू. मग मयताची तयारी करा.”

त्यांची पद्धत मला फार आवडली: स्वस्त आणि सोपी तपासणी आधी. बोट पाण्याबाहेर काढलेली होती, तेव्हाच प्रोपेलर बघितला होता. त्यावर शेवाळ आणि शिंपले चढले असतील तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. तो साफ होता. डिझेल फिल्टर बदलला, फरक नाही. हवेचा फिल्टर ठीक. मग काकांनी एल्बोची फक्त रबरी होज काढायला लावली. एक क्लिप, पाच मिनिटांचं काम. टॉर्च मारला तर आत करंगळी जाईल एवढंच भोक! बाकी सगळा काळा दगड.

आता काम कसं केलं ते सांगते, तुमच्यापैकी कोणी बोटीवर असेल तर उपयोगी पडेल.

एक. इंजिन गार. सीकॉक बंद, म्हणजे बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी आत घेणारा नळ. काकांनी इंजिनची किल्ली त्या नळालाच अडकवली. नळ उघडल्याशिवाय किल्ली हातात येणार नाही, म्हणजे नळ बंद असताना कोणी इंजिन चालू करणार नाही. प्रोडक्शनमध्ये आपण असले सेफ्टी चेक लिहायला मीटिंगा घेतो!

दोन. आदल्या रात्रीच नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. हलला की परत तेल, परत पुढे-मागे. जोर लावला की बोल्ट तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम आहे.

तीन. एल्बो निघाल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडात फडकं कोंबायचं. मगच जुनं गॅस्केट खरवडायचं, नाहीतर कपचे आत पडतात. फडकं बाहेर काढायला विसरू नये म्हणून त्याचं टोक लांब बाहेर लोंबत ठेवायचं. मॅनिफोल्डमध्येही काजळी असते, ती इथेच काढून घ्यायची.

आता प्रश्न आला, जुना एल्बो साफ करायचा की नवीन घ्यायचा? खरवडून, ॲसिडमध्ये बुडवून तो साफ होतो, आणि बरेच लोक तसं करतात. माझाही कल तिकडेच होता, पैसे वाचतील म्हणून. काकांनी एल्बोच्या पाण्याच्या कप्प्यात पाणी भरून ठेवायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी धुराच्या बाजूला ओल दिसली. आतली भिंत गंजून तिला बारीक भोक पडलं होतं.

हे ऐका, कारण आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. त्या भोकातून समुद्राचं पाणी उलटं झिरपत एक्झॉस्ट वॉल्ववाटे सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, जागा नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं, इंजिन खरंच बदलावं लागतं. चोंदलेला एल्बो लक्षणं तरी दाखवतो. भोक पडलेला गुपचूप इंजिन मारतो. आम्ही नवीन घेतला, स्टेनलेस स्टीलचा.

चार. बसवताना नवीन गॅस्केट, बोल्टच्या आट्यांवर उष्णता सहन करणारं अँटी-सीझ, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे. किती ते मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने नाही. होजला नवीन क्लिपा.

पाच. नळ उघडा, किल्ली घ्या, इंजिन चालू करा. आधी मागे पाणी पडतंय का बघा. नाही पडलं तर लगेच बंद. मग जोडावर हात फिरवायचा नाही, टॉर्च आणि नजर फिरवायची. काजळीची रेघ दिसली तर जोड गळतोय. केबिनमध्ये धूर गळणं ही छोटी गोष्ट नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि बोटीवर माणूस म्हणतो, लाटांमुळे होतंय. केबिनमध्ये त्याचा अलार्म लावाच. काही तास चालवल्यावर इंजिन गार करून बोल्ट परत तपासा.

आणि एक बोनस टिप. इंजिन चालू होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर मारतच राहिलात, तर पंप पाणी ढकलत राहतो पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. पाणी साचत साचत इंजिनमध्ये शिरतं. म्हणून बराच वेळ स्टार्टर मारायचा असेल तर नळ बंद ठेवा, आणि इंजिन पेटल्या क्षणी उघडा.

निकाल? गिअरमध्ये ३४००, धूर जवळपास नाही. बोट विकायचा विषय संपला. पुढच्या ओहोटीला आम्ही त्याच बंदराच्या तोंडातून आत आलो. काका सुकाणूवर होते आणि चहा मागत होते.

आता आमचा नियम ठरलाय. दर सीझनला होज काढून टॉर्च मारायचा, फोटो काढून तारखेसह शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचा. आणि प्रत्येक फेरीत शेवटची दहा मिनिटं इंजिनला नीट जोर लावून पळवायचं, आयडलवर लाडात ठेवायचं नाही.

तुमच्याकडे बोट नसेल, तरी कोणी पटकन “सगळंच बदला” म्हणालं, तर आधी पाच मिनिटांची एक क्लिप सोडवून बघा. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!