अर्ज आपल्याच टेबलावर छापूया

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज मी कायद्यावर नाही, प्रिंटरवर बोलणार आहे. काही जणी हसताहेत. पण आधी एक प्रसंग ऐका.

आमच्या केंद्रात एका बाईनं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचं ठरवलं. अर्ज तयार झाला आणि छापायला चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात मीच गेले. फाइल दुकानाच्या संगणकावर राहिली. दुकानदार तिच्या दिराच्या ओळखीचा. संध्याकाळपर्यंत अर्जातली वाक्यं तिच्या घरी पोचली. ती चार महिने केंद्राकडे फिरकली नाही. एमएसडब्ल्यूला गुप्ततेच्या तत्त्वावर मी पानंच्या पानं लिहिली होती. पेन ड्राइव्ह परक्या हातात देताना त्यातलं काही आठवलं नाही.

केंद्रात देणगीत मिळालेला जुना संगणक होता, त्यात लिनक्स. प्रिंटर आणला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, यावर चालायचा नाही." आम्ही माना डोलावल्या. यंत्र आलं की बाईनं बाजूला सरकायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलंय ना!

मग आम्ही तिघी स्वतःच बसलो. लिनक्सवर छपाईचं काम 'कप्स' नावाचं सॉफ्टवेअर पाहतं. अलीकडच्या पुष्कळ प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल जोडायची, सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स' उघडायचं, यंत्राचं नाव दिसलं की ते जोडून घ्यायचं आणि चाचणीचं पान काढायचं. एचपीचे जुने प्रिंटर असतील तर 'एचपीलिप' हे मोफत पॅकेज टाकावं लागतं. नवा घेण्याआधी ते मॉडेल लिनक्सवर चालतं का, एवढं विचारून घ्या.

छपाई अडली तर घाबरू नका. कागद संपला, केबल निघाली, की कधीकधी कप्स रांगच थांबवतं. यंत्र धडधाकट असतं. ब्राउझरमध्ये इंग्रजीत 'लोकलहोस्ट:६३१' टाइप करा, आपला प्रिंटर उघडा आणि 'रिझ्यूम' निवडा. आमच्या सातवी शिकलेल्या मावशी आता हे करतात.

पण प्रिंटर केंद्रात आला म्हणजे गुपित राखलं गेलं, असं समजू नका. कप्स छापलेल्या कामांची यादी ठेवतं. बदल केला नसेल तर छापलेल्या मजकुराची प्रतही साधारण एक दिवस संगणकात राहते. सगळ्या जणी एकाच खात्यातून काम करत असतील, तर यादीतली फाइलची नावं सगळ्यांना दिसतात. म्हणून फाइलला बाईचं नाव देऊ नका, केसचा क्रमांक द्या. जाणकार मैत्रिणीकडून कप्सच्या सेटिंगमध्ये 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' पुढे 'नो' लिहून घ्या. आणि छापताना ट्रेपाशी उभ्या राहा. बिघडलेलं पान रद्दीत टाकू नका, फाडा.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतही एक प्रिंटर आहेच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना सारख्या अडकणाऱ्या प्रिंटरचा प्रोग्राम सुधारायचा होता. तो त्यांना नाकारला गेला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. 'हे तुमचं काम नाही' हे वाक्य आपल्यालाही नवं नाही.

ती बाई पुन्हा आली. या वेळी अर्ज तिच्यासमोर छापला. पान गरम होतं. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "दुसरीकडं कुठं नाही ना हे?"

या प्रश्नाला "नाही" म्हणता यावं, म्हणून हे शिकायचं.