दुसऱ्या दिवशीची शर्यत
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळ पाळीन.

आज दत्तू बबन भोकनळबद्दल बोलतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. भाग दुष्काळी. वडिलांबरोबर तो विहिरी खोदायचा. वडील गेल्यावर घर चालवायला २०१२ साली लष्करात भरती झाला. होडी वल्हवायला तो तिथेच शिकला, आणि चार वर्षांत रिओ ऑलिंपिकला गेला! आई गंभीर आजारी असताना, एकेरी नौकानयनात तेरावा आला.

पण मला सांगायचं आहे ते २०१८ च्या एशियाडचं. स्थळ इंडोनेशियातलं पालेमबांग. २३ ऑगस्टला एकट्याची अंतिम शर्यत होती. प्रकृती बिघडली आणि आपला गडी सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांची शर्यत. स्वर्णसिंग, ओमप्रकाश, सुखमीतसिंग आणि दत्तू. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. आठही एकदम पाण्यात पडायला हवीत, एकाचा ताल चुकला की होडी अडलीच. २००० मीटर अंतर, ६ मिनिटं १७.१३ सेकंद. सुवर्णपदक! एशियाडच्या नौकानयनात भारताचं हे दुसरंच सुवर्ण. पहिलं २०१० मध्ये बजरंगलाल ताखरचं. पुढे दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? माझ्याशी आहे.

मी खजिनदार असताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं आणि ती पहिल्याच पावसात गळली. जनरल बॉडीत बोलणी खाल्ली, राजीनामा दिला, आणि सहा वर्षं मीटिंगची पायरी चढलो नाही. आज कबूल करतो, कोटेशन मी एकट्यानेच ठरवलं होतं. बँकेत दोन सह्यांचा आग्रह धरणारा मी, इथे कुणाला विचारलंही नाही.

पेपरात दत्तूची बातमी वाचली आणि लाज वाटली. तो एका रात्रीत उठून होडीत बसला, मला सहा वर्षं लागली. पुढच्या मीटिंगला मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. कुणी जुनं काढलं नाही. सेक्रेटरीने चहा दिला आणि म्हणाला, "काका, हा जमाखर्च जरा बघता का?"

यंदा गच्चीचं काम पुन्हा निघालंय. तीन कोटेशनं आली आहेत. ती नोटीस बोर्डावर लावली आहेत, सगळ्यांनी वाचा.

पाच मिनिटं झाली.