एक पाणी, दोन अर्थ

कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. बॅप्टिस्ट मंडळीत मात्र जाणती व्यक्ती विश्वासाची कबुली देऊन पाण्यात पूर्ण बुडून बाहेर येते. असं का?

कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्यानं, म्हणजे या पाण्याच्या विधीनं, आदिपाप, म्हणजे जन्मतःच माणसात असलेलं पाप, धुतलं जातं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५४७ साली सांगितलं, की आदिपापामुळं माणसाची इच्छाशक्ती दुबळी झाली, पण नष्ट झाली नाही. देवाची कृपा आधी येते. ती स्वीकारणं किंवा नाकारणं माणसाच्या हाती असतं. गंभीर पापानं ही कृपा गमावली, तर धर्मगुरूंपुढं पापनिवेदन करून ती पुन्हा मिळते.

१६०९च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ यांच्या इंग्रज अनुयायांपासून बॅप्टिस्ट परंपरा सुरू झाली. तिच्या मते तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ विश्वासानं मिळतं. बाप्तिस्मा ही त्याची जाहीर साक्ष. पापाची कबुली थेट देवापाशी. खरं तारण पुन्हा हरवत नाही, असं बहुतेक बॅप्टिस्ट मानतात. इच्छास्वातंत्र्याबाबत मात्र त्यांच्यातच दोन मतं आहेत. ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, म्हणून कृपा स्वीकारणं प्रत्येकाच्या हाती आहे, असं एक गट म्हणतो. तो देवानं निवडलेल्यांसाठीच मरण पावला, म्हणून निवड देवाची, असं दुसरा.

तारणाची सुरुवात देवाच्या कृपेनंच होते, हे मात्र दोन्ही परंपरांना मान्य आहे.