दुय्यम साखळीतील दहा वर्षे



खेळाविषयी आपल्या घराघरांत दोन मते ऐकू येतात. वडील म्हणतात, चेंडूने पोट भरत नाही. मुलगा म्हणतो, मोठा खेळाडू झाल्यावर पदवी कशाला हवी? या दोघांपुढेही मला एक माणूस ठेवावयाचा आहे. त्याचे नाव आन्द्रे इन्ग्राम, अमेरिकेतील बास्केटबॉलपटू.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घ्या. एन. बी. ए. ही धंदेवाईक बास्केटबॉलची सर्वोच्च साखळी. तिचे संघ ३०, जागा साडेचारशेच्या आसपास, आणि ओढा मात्र साऱ्या जगाचा. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २००१ साली दुय्यम साखळी सुरू झाली. २०१७ पासून तिला जी लीग म्हणतात. चेंडू तोच, घामही तोच, फरक पगारात. २०१७-१८ च्या हंगामात साध्या करारावरील खेळाडूला येथे सबंध हंगामाचे १९ हजार, फार तर २६ हजार डॉलर मिळत. वरच्या साखळीत अगदी नवख्याचा किमान पगार ८ लाख १५ हजारांवर होता. (१९ हजार डॉलरचे रुपये करून कोणी हुरळून जाऊ नये. तेथे घरभाडे आणि भाजीपालाही डॉलरमध्येच मोजावा लागतो.) वरच्या संघाला माणूस कमी पडला की खालून दहा दिवसांच्या करारावर बोलावणे येते. त्या एका बोलावण्याच्या आशेवर सारे खेळत असतात. बहुतेकांना ते कधीच येत नाही.

इन्ग्राम व्हर्जिनिया राज्यातील रिचमंडचा. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठातून २००७ साली तो पदार्थविज्ञान घेऊन बाहेर पडला. वरच्या साखळीच्या वार्षिक निवडीत त्याचे नाव आले नाही. खालच्या साखळीत युटा राज्यातील संघाने त्याला घेतले, तेही सातव्या फेरीत. पुढे तो लॉस एंजेलिसला आला. सुमारे सव्वासात मीटरांवरून टोपलीत चेंडू टाकल्यास तीन गुण मिळतात. यात त्याचा हातखंडा. शंभर फेकींत छेचाळीसच्या आसपास. नामांकित खेळाडूंनाही चाळीस साधले तर वाहवा होते! तरी बोलावणे येईना. लग्न झाले, दोन मुली झाल्या, केस पिकू लागले.

मग घर कसे चालले? हंगाम संपला की तो मुलांना गणित शिकवत असे. पालकांनो, येथे क्षणभर थांबा. ज्या शिक्षणाचे नाव सांगून आपण मुलाला मैदानावरून ओढून आणतो, त्याच शिक्षणाने या माणसाला दहा वर्षे मैदानावर उभे ठेवले. हाताशी गणित नसते तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच त्याने बूट खुंटीला टांगले असते, असे मला वाटते.

जी लीगचे ३८४ सामने झाल्यावर, वयाच्या ३२ व्या वर्षी, लेकर्स संघाने त्याला हंगामातील शेवटच्या दोन सामन्यांपुरते बोलावले. १० एप्रिल २०१८ ची रात्र. समोर ह्यूस्टनचा संघ, त्यात क्रिस पॉल आणि जेम्स हार्डन यांच्यासारखे नाणावलेले खेळाडू. इन्ग्रामने आठ फेकींपैकी सहा साधल्या, त्यांतील चार लांबून. एकूण १९ गुण. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. सामना मात्र लेकर्स ९९-१०५ असा हरले. दुसऱ्या रात्री त्याचे गुण पाच. दोन सामन्यांचे मानधन १३,८२४ डॉलर.

वर्तमानपत्रांनी ही कहाणी बहुधा येथेच संपविली. पुढच्या हंगामात तो परत जी लीगमध्ये होता. मार्च २०१९ मध्ये पुन्हा दहा दिवसांसाठी वर गेला आणि खाली आला. वरच्या साखळीत त्याच्या नावावर सारे मिळून सहा सामने. २०२० साली जी लीगच्या खेळाडूंनी आपली संघटना उभारली, तेव्हा त्यांनी अध्यक्ष म्हणून निवडले ते यालाच. सहकाऱ्यांची ही पावती मला त्या १९ गुणांपेक्षा मोठी वाटते.

हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने भारताला अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा कर्णधार दिला. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांचा. आपल्याकडे चांगल्या खेळाडूंना रेल्वेने, पोलीस दलाने, बँकांनी नोकऱ्या दिल्या, ही सोय इन्ग्रामला नव्हती. पण विद्यार्थी मित्रांनो, त्या नोकरीच्या अर्जातही शिक्षणाचा रकाना असतोच, आणि तो कोरा ठेवून चालत नाही.

शाळेच्या संघासाठी नावे पुढील सोमवारपासून घेण्यात येतील. दहावीच्या मुलांनीही यावे. सराव साडेसहाला संपेल. अर्जावर पालकांची सही हवी, आणि सोबत सहामाहीची गुणपत्रिका आणावी. गणिताचे गुण मी स्वतः पाहणार आहे.