उलट्या डोंगराची शिकवण



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे ते गीतेवर, साहित्यावर, फार तर देशाच्या अर्थकारणावर, असा संकेत आहे. धावणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर येऊन काय सांगावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आम्हांलाही ते वाटले होते. आम्ही वक्ते नव्हे, आणि नावाजलेले धावपटूही नव्हे. बुलढाण्याच्या आम्ही सात सोबत्यांनी एक उन्हाळा डोंगरात चालण्यात आणि धावण्यात घालविला. त्यात एक चूक केली व एक गोष्ट शिकलो. ती आपल्यापुढे ठेवावी, एवढाच हेतू आहे.

प्रथम आपले गाव कोठे बसले आहे ते पाहू. बुलढाणा अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. खाली मलकापूर २५० मीटरच्या आसपास. या रांगेच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेने पूर्णेत, पुढे तापीत आणि अखेर अरबी समुद्रात जातो. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेच्या वाटेने शेवटी गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागराला पोचते. दोन समुद्रांची वाटणी आपल्या उंबरठ्याशी होते, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परंतु धावणाऱ्याला याच जागेची एक अडचण आहे. बहुतेक डोंगर आधी चढावयाचे व मग उतरावयाचे असतात. साताऱ्याची यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन घ्या. २०१२ साली सुरू झालेली ही २१ किलोमीटरची शर्यत आधी घाट चढते आणि मग खाली येते. चढताना दम लागला, तर माणूस तेथूनच परत फिरू शकतो. घराकडची वाट उताराची असते. आमचा डोंगर उलटा. पहाटेच्या गारव्यात, ताज्या पायांनी राजूर घाट उतरावयाचा. आणि पाय थकल्यावर, ऊन डोक्यावर येत असताना तोच घाट चढून घर गाठावयाचे. उतरताना जो तो राजा असतो. हिशेब मागतो तो चढ.

चैत्रात आम्ही हळूहळू सुरुवात केली. उन्हाची सवय शरीराला एका दिवसात होत नाही. तिला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही नुसते चाललो. एका रविवारी लोणारच्या विवराच्या काठाने हिंडलो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून पाहताना सर्वांची बडबड आपोआप थांबली. ज्ञानगंगा अभयारण्यात मोकळेपणी पायी हिंडता येत नाही. तेव्हा बोथ्याच्या रस्त्याने बाहेरूनच अंजनाची झाडे पाहिली आणि २०१९ सालच्या त्या वाघाची आठवण काढली. टिपेश्वरहून निघालेला तो वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगेत आला होता. शिदोरीला भाकरी, ठेचा आणि कैरीचे पन्हे असे. पाय भरून येत. पण मने हलकी होत.

आता चुकीकडे येतो. मे महिन्यातला एक रविवार होता. निघावयास उशीर झाला, आणि त्या दिवशी आम्हांला वेळेचा मोह पडला. घाट चढून येण्याची आदल्या आठवड्याची वेळ मोडावयाची, असे ठरले होते. अर्ध्या चढावर आमच्यातील एक सोबती, पेशाने शिक्षक, मागे पडला. आम्ही हाक मारली. तो हात हलवून म्हणाला, "तुम्ही चाला समोर, मी येतोच मांगून." आम्ही गेलो. बंधुभगिनींनो, हे वाक्य सांगावयास आजही जड जाते. आम्ही गेलो, कारण आम्हांला जावयाचे होते, आणि त्याच्या शब्दांनी आमची सोय झाली.

आमच्यातला सर्वांत धाकटा मात्र दोनशे पावलांवर थांबला. "त्यांचं बोलणं बरं वाटलं नाही," एवढेच म्हणाला आणि उलट खाली धावला. त्याच्या ओरडण्याने आम्ही परतलो. पाहतो तो गुरुजी कठड्याला टेकून बसलेले, अंग घामाने भिजलेले आणि डोळे भलतीकडेच. आम्हांला पाहून ते म्हणाले, "शाळेची घंटा झाली काय?" मे महिना, रविवार, आणि शाळेची घंटा!

उष्माघातात घाम आटतो, असे आम्ही ऐकून होतो. धावणाऱ्याच्या बाबतीत या समजुतीवर विसंबू नये. अंग घामाने निथळत असतानाही आतली उष्णता ४० अंशांच्या वर जाऊ शकते. पहिला घात होतो तो बुद्धीवर. माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. आणि आपले काही बिघडले आहे, हे त्याचे त्यालाच कळत नाही. अशा वेळी आधी अंग थंड करावयाचे आणि मग हलवावयाचे. आम्ही त्यांना सावलीत घेतले, कपडे सैल केले, जवळचे सारे पाणी अंगावर ओतले आणि टॉवेलांनी वारा घातला. एका मालमोटारवाल्याने गाडी थांबवून आपला पाण्याचा डबा रिकामा केला व सर्वांना दवाखान्यात पोचविले. गुरुजी वाचले. आणखी थोडा वेळ गेला असता, तर आज हे व्याख्यान देण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. "मी येतोच" हे शब्द ज्या डोक्यातून आले, तेच डोके तापलेले होते, मग त्याच्या साक्षीवर आम्ही विश्वास ठेवला कसा? डोंगरात ज्याची प्रकृती बिघडते, तो स्वतःचा न्यायाधीश होऊ शकत नाही. ते काम सोबत्याचे आहे.

इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात केझिक नावाचे गाव आहे. तेथे पाहुण्यांसाठी घर चालविणारा बॉब ग्रॅहम १९३२ साली चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे फिरून आला. त्याच्याबरोबर आळीपाळीने मित्र धावत होते. आजही ती फेरी पुरी करणाऱ्यांचा एक संघ आहे, आणि प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर साक्षीदार असला पाहिजे, अशी त्याची अट आहे. ही अट खोटेपणा टाळण्यासाठी असेल, असे आम्हांला पूर्वी वाटे. आता तिचा दुसरा अर्थ कळतो. डोंगरात जो साक्षीदार, तोच राखणदार.

म्हणून आम्ही नियम बदलला. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस पडण्याआधी, राजूर घाटात आपापसांत शर्यत लावली ती जोडीची. दोघांपैकी जो मागून येईल, त्याची वेळ ती जोडीची वेळ. निघावयाचे उजाडताच. गंमत अशी की, तीन जोड्यांत पहिली आली ती जोडी उभ्या चढावर सरळ चालत, एकमेकांशी बोलत आली होती. धाप लागून बोलता येईनासे झाले, की वेग कमी करावयाचा, हे त्यांनी पाळले. बाकीचे धावून धावून खचले.

आणि माथ्यावर घड्याळ व वही घेऊन कोण बसले होते? आमचे गुरुजी. डॉक्टरांनी त्यांना त्या वर्षापुरते धावण्यास मना केले होते. वेळ लिहून घेण्याआधी ते प्रत्येकाला थांबवून विचारीत, "आज वार कोणता?" उत्तर बरोबर आले, तरच नोंद. आम्ही हसलो, पण वार मात्र प्रत्येकाने नीट आठवून सांगितला.

आपल्यापैकी फार थोडे घाट धावतील. परंतु घरात, कचेरीत, शेतात "तुम्ही चाला समोर, मी येतोच" असे म्हणणारा माणूस प्रत्येकाला भेटतो. त्या वेळी दोनशे पावलांवर थांबणारा कोणी तरी असावा. आणि तो दुसरा कोणी असेल, या भरवशावर आपण राहू नये. इतके सांगून आपली रजा घेतो.